दोन ५६के मोडेम, चिप वेगवेगळ्या: एका दिशेने फोन लागतो, दुसऱ्या दिशेने नाही

टर्मिनल_९६०० (प्रश्न)

जुनं बीबीएस (फोनवरून जोडून वापरायचा संदेश-फलक) खऱ्या मोडेमवर चालवायचं आहे. मांडणी अशी:

क: विंडोज एक्सपी, कॉम१ वर यूएस रोबोटिक्स स्पोर्ट्‌स्टर ५६के, बाहेरचा, डिप स्विचवाला.
ख: डेबियन, यूएसबी-सीरियल अडॅप्टरवर रॉकवेल चिपचा बाहेरचा ५६के मोडेम. फोन घ्यायला एमगेटी हा प्रोग्रॅम.

दोन्ही मोडेम एका छोट्या ईपीएबीएक्सच्या (खासगी एक्स्चेंजच्या) दोन एक्स्टेंशनवर आहेत. बाहेरून फोन यायचा झाला तर तो फायबरच्या ओएनटीमधून (घरात फायबर जिथे संपतो त्या पेटीतून) निघणाऱ्या लँडलाइनवर येतो.

दोन्हीकडे इनिट स्ट्रिंग (मोडेमला सुरुवातीला द्यायच्या कमांड) एकच: एटी&एफ&सी१&डी२&के३. दोन्ही मोडेम ओके म्हणतात.

लक्षणं:

१. ख वरून क ला फोन लावला की लागतो. ख वर 'कनेक्ट ११५२००' दिसतं. छोटे मेनू व्यवस्थित येतात. पण क कडून ख कडे लांब मजकूर किंवा फाइल पाठवली की मधली अक्षरं गळतात आणि झेडमोडेम (फाइल पाठवण्याची पद्धत) सीआरसी चुकांनी, म्हणजे तपासणीचा आकडा न जुळण्याच्या चुकांनी, भरून जातो. ख कडून क कडे पाठवलेली फाइल मात्र नीट उतरते.

२. क वरून ख ला फोन लावला की ख उचलतो, आवाज सुरू होतात, मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि शेवटी 'नो कॅरिअर'. अधूनमधून तर डायल करण्याआधीच 'नो डायलटोन'.

३. दोन्ही मोडेम ५६के असूनही क वर कधी ३३६०० च्या वरचा आकडा दिसला नाही.

४. ओएनटीच्या लाइनवरून ख ला आलेला फोन लागतो, पण दोन-तीन मिनिटांत तुटतो.

दोन चिपचं मुळातच जमत नाही, की सेटिंगचा प्रश्न आहे?

---

वाहक_२१००

हे चार वेगळे प्रश्न आहेत. 'जमत नाही' या एका नावाखाली ठेवलेत तर सुटणार नाहीत. मोडेमची जोडणी तीन टप्प्यांत होते: आधी मॉड्युलेशन ठरतं, मग चूक-दुरुस्ती आणि कॉम्प्रेशन ठरतं, आणि या दोन्हींपासून वेगळी असते ती मोडेम ते संगणक ही सीरियल बाजू. तुमचं लक्षण १ तिसऱ्या टप्प्याचं आहे, लक्षण २ पहिल्याचं.

आधी लक्षण ३, कारण त्यात बिघाड काहीच नाही. व्ही.९० या मानकात ५६के मिळतं ते एका टोकाला सर्व्हर मोडेम थेट डिजिटल लाइनवर असतो म्हणून. त्याच्याकडून येणाऱ्या बाजूला ॲनालॉग-ते-डिजिटल रूपांतर होतच नाही. घरी वापरायचे दोन मोडेम समोरासमोर आणले की दोन्ही बाजूंना ते रूपांतर येतं आणि मग कमाल व्ही.३४ या आधीच्या मानकाचा ३३६००. केबल बदलून किंवा फर्मवेअर बदलून यात फरक पडणार नाही.

पण याचाच संबंध लक्षण २ शी आहे. तुमच्या यूएस रोबोटिक्सचं घराणं एक्स२ चं, रॉकवेलचं के५६फ्लेक्सचं; दोन्ही ५६के च्याच पद्धती. १९९७ मध्ये या दोन पद्धती एकमेकांना न समजणाऱ्या होत्या. १९९८ मध्ये व्ही.९० आलं तेव्हा समान पद्धत मिळाली. रॉकवेल चिपचा मोडेम फोन उचलल्यावर व्ही.८बिसच्या (जोडणीआधी क्षमता विचारण्याच्या पद्धतीच्या) सुरांनी 'तुला फ्लेक्स येतं का' अशी चौकशी करू शकतो. समोरच्याला ते सूर अनोळखी असतील तर काही फर्मवेअर तिथेच गोंधळतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. इथे ५६के मिळणारच नाही, तेव्हा ती चौकशी दोन्हीकडे बंद करा आणि सरळ व्ही.३४ ला बांधा.

दोन्हीकडे एटीएम१ देऊन स्पीकर चालू ठेवा आणि ऐका:

उत्तर देणाऱ्याचा २१०० हर्ट्‌झचा सूर, त्यात दर ४५० मिलिसेकंदांनी 'टक' असा फेज उलटण्याचा आवाज. हा सूर ऐकूनच लाइनवरचे एको कॅन्सलर (प्रतिध्वनी काढणारी यंत्रं) बंद होतात. हा सूर संपून पुढे शांतता असेल तर व्ही.८ ची (पद्धत ठरवण्याची) देवाणघेवाण झालेली नाही.

त्यानंतर ३०० बॉडची किरकिर. यात दोघं आपापल्या पद्धतींची यादी सांगतात.

मग अनेक सुरांचा एकत्र झंकार, दोनदा. ही लाइनची तपासणी.

शेवटी लांब खरखर. ती चालू असताना मध्येच तुटून सगळं पुन्हा सुरू होत असेल तर दोष पातळीचा, एकोचा किंवा सिंबॉल रेटचा (सेकंदाला किती चिन्हं पाठवायची त्या आकड्याचा).

किरकिरीच्या आधी अडतंय की खरखरीत, एवढं कळलं तरी निम्मं निदान झालं.

वेळेची मर्यादाही बघा. एस७ हा फोन लावणाऱ्याचा 'कॅरिअरची वाट किती सेकंद बघायची' याचा आकडा. यूएस रोबोटिक्सवर तो ६० असतो, रॉकवेलवर बहुधा ५०. मोजणी डायल संपल्यापासून सुरू होते, म्हणजे घंटी वाजण्याचा वेळही त्यातच जातो. आपल्याकडच्या घंटीचं एक आवर्तन सुमारे ३ सेकंदांचं. एमगेटी तीन-चार घंट्यांनंतर उचलत असेल तर दहा-बारा सेकंद तिथेच गेले. एमगेटीत घंट्या १ करा आणि क वर एस७=९० द्या. ख वर एस०=० (मोडेमने आपणहून उचलायचं नाही) हवं, कारण फोन उचलण्याचं काम एमगेटी स्वतः एटीए ही कमांड देऊन करतो. मोडेमनेही आपणहून उचलला तर दोघांची टक्कर होते.

'नो डायलटोन'चं कारण ईपीएबीएक्स. आपल्या एक्स्चेंजचा डायल टोन ४०० हर्ट्‌झचा, २५ हर्ट्‌झने मॉड्युलेट केलेला. ईपीएबीएक्सचा अंतर्गत टोन वेगळा असू शकतो आणि मोडेम तो ओळखत नाही. एटीएक्स३ दिलंत की मोडेम डायल टोनची वाट न बघता डायल करतो, पण बिझी टोन ओळखणं चालू राहतं.

---

फेराइट_मणी

लक्षण १ चं कारण तुमच्या इनिट स्ट्रिंगमध्येच आहे. (खाली कमांड देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

&के३ ही कमांड दोन्ही मोडेम घेतात, दोन्ही ओके म्हणतात, पण अर्थ पूर्ण वेगळा. रॉकवेलवर &के३ म्हणजे आरटीएस/सीटीएस हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे या दोन तारांवरून एकमेकांना 'थांब' किंवा 'पाठव' सांगणं. यूएस रोबोटिक्सवर &के हे कॉम्प्रेशनचं कुटुंब आहे; तिथे &के३ म्हणजे एमएनपी५ ही कॉम्प्रेशनची पद्धत बंद, व्ही.४२बिस ही चालू. फ्लो कंट्रोलशी त्याचा काडीचा संबंध नाही.

त्यावर आणखी एक. यूएस रोबोटिक्सवर नुसतं &एफ म्हणजे &एफ०, आणि त्या साच्यात फ्लो कंट्रोल बंद असतो. म्हणजे क वर संगणक ११५२०० ने मोडेममध्ये बाइट ओततोय, लाइन ३१२०० च्या आसपास वाहतेय, आणि 'थांब' म्हणायला कुणी नाही. बफर भरला की अक्षरं गळणार. छोटे मेनू बफरमध्ये मावतात म्हणून नीट दिसतात. ख कडून येणारी फाइल नीट उतरते कारण ख वर &के३ ने खरोखरच फ्लो कंट्रोल लागलाय. लक्षण इतकं नेमकं लिहिलंत म्हणून निदान सोपं झालं.

क साठी (यूएस रोबोटिक्स):

एटी&एफ१
एटी&ए३&एन१६&यू६एक्स३एस७=९०
एटी&डब्ल्यू

&एफ१ हा हार्डवेअर फ्लो कंट्रोलचा साचा, म्हणजे &एच१&आर२ त्यात आलं. &एन१६ ही वरची मर्यादा ३३६००, &यू६ ही खालची ९६००. वरची मर्यादा ३३६०० झाली की एक्स२ आणि व्ही.९० आपोआप बाजूला पडतात. &यू न देता नुसतं &एन दिलंत तर मोडेम फक्त त्याच एका वेगावर अडून बसतो, ते टाळा. &ए३ मुळे कनेक्टच्या ओळीत वेगासोबत प्रोटोकॉलही दिसतो: एआरक्यू (चूक-दुरुस्ती लागली), व्ही३४, एलएपीएम (दुरुस्तीची पद्धत), व्ही४२बिस.

डिप स्विच क्रमांक ७ वरच्या बाजूला असेल तरच चालू करताना तुम्ही जपलेली सेटिंग वाचली जाते. तो खाली असेल तर प्रत्येक वेळी &एफ०, आणि तुम्ही पुन्हा होतात तिथेच. स्विच ८ खाली हवा, नाहीतर मोडेम एटी कमांड ऐकतच नाही. स्विच ५ वर केला तर तो पहिल्या घंटीला आपणहून उचलेल.

ख साठी (रॉकवेल):

एटी&एफ&सी१&डी२&के३
एटी+एमएस=११,१,९६००,३३६००
एटीडब्ल्यू२एक्स३एस०=०
एटी&डब्ल्यू

जुन्या रॉकवेलमध्ये मॉड्युलेशन आकड्यांनी लिहितात: ९ व्ही.३२, १० व्ही.३२बिस, ११ व्ही.३४, १२ व्ही.९०, ५६ के५६फ्लेक्स. नंतरच्या कोनेक्सॅन्ट फर्मवेअरमध्ये हीच कमांड नावाने, एटी+एमएस=व्ही३४,१, अशी चालते आणि पुढे पाठवण्याचा किमान-कमाल, मग घेण्याचा किमान-कमाल वेग येतो. तुमचा मोडेम कुठल्या पिढीचा ते एटी+एमएस=? विचारलं की कळेल.

डब्ल्यू२ मुळे ख वर 'कनेक्ट' पुढे लाइनचा वेग दिसेल. आता दिसतो तो ११५२०० हा फक्त सीरियल पोर्टचा वेग; त्यावरून लाइनबद्दल काहीच ठरवता येत नाही.

चूक-दुरुस्ती खरोखर लागतेय का याची खात्री करायची असेल तर तात्पुरतं ख वर \एन४ (फक्त एलएपीएम) आणि क वर &एम५ द्या. मग दुरुस्तीशिवाय जोडणी होणारच नाही, फोन सरळ तुटेल. नेहमीच्या स्वयंचलित सेटिंगमध्ये एलएपीएम जमलं नाही तर मोडेम गुपचूप साध्या जोडणीवर येतात आणि मग लाइनवरचा प्रत्येक खट् पडद्यावर कचरा होऊन दिसतो.

केबलही बघा. मोडेमला लागते ती सरळ केबल, नल मोडेम नव्हे. २, ३, ५ एवढ्या तीनच तारांची केबल असेल तर फ्लो कंट्रोलची कमांड देऊन उपयोग नाही. नऊ पिनच्या टोकाला ७ (आरटीएस), ८ (सीटीएस), १ (डीसीडी) आणि ४ (डीटीआर) जोडलेल्या हव्यात; पंचवीस पिनच्या टोकाला त्याच अनुक्रमे ४, ५, ८ आणि २०. डेबियनवर पोर्टला सीआरटीएससीटीएस (हार्डवेअर फ्लो कंट्रोलची सेटिंग) लावलंय ना, तेही एसटीटीवाय कमांडने तपासा. मोडेमने हात वर केला तरी संगणकाने बघायला हवं.

---

टर्मिनल_९६००

दोघांचेही आभार. &एफ१ दिल्यावर लक्षण १ गेलं, क कडून ख कडे फाइल एकही सीआरसी चूक न येता जाते. स्विच ७ खाली होता, वर केला. व्ही.३४ ला बांधल्यावर क वरून ख लाही फोन लागतो. आवाज आधी किरकिरीच्या अगोदरच अडत होते.

क वर फोन ठेवल्यावर एटीआय११ ने (जोडणीचा अहवाल देणाऱ्या कमांडने) हे दिलं:

ईपीएबीएक्सवर: सिंबॉल रेट ३२००/३२००, कॅरिअर १९२०/१९२०, राउंड ट्रिप डिले २ मिलिसेकंद, वेग ३१२००.

ओएनटीच्या लाइनवर: सिंबॉल रेट ३०००/३०००, राउंड ट्रिप डिले १७० मिलिसेकंद, वेग २४००० वरून खाली येत राहतो. एटीआय६ मध्ये रीट्रेनचे (जोडणी चालू असताना पुन्हा जुळणी करण्याचे) आकडे बरेच.

ईपीएबीएक्सवर ३३६०० का नाही? आणि ओएनटीचं काय करायचं?

---

वाहक_२१००

३३६०० ला ३४२९ चा सिंबॉल रेट लागतो. त्यात कॅरिअर १९५९ हर्ट्‌झवर असतो आणि पट्टा साधारण २४४ ते ३६७४ हर्ट्‌झ असा पसरतो. ईपीएबीएक्सच्या कोडेकचा (आवाजाचं डिजिटल रूपांतर करणाऱ्या भागाचा) फिल्टर ३४०० च्या पुढे वेगाने उतरतो, त्यामुळे तपासणीत दोन्ही मोडेमना वरचं टोक दबलेलं दिसतं आणि ते ३२०० वर येतात. ३२०० वर कमाल ३१२००, ३००० वर २८८००, २४०० वर २१६००. म्हणजे तुमची ईपीएबीएक्सची जोडणी तिच्या सिंबॉल रेटच्या कमाल वेगावर चालू आहे. ती तशीच ठेवा. ३४२९ हा रेट व्ही.३४ मध्ये ऐच्छिकच आहे. सक्तीचे तीनच: २४००, ३००० आणि ३२००.

ओएनटीबद्दल तिथलं काम करणाऱ्या कुणीतरी लिहावं. १७० मिलिसेकंद हा आकडा मात्र उघड सांगतो की आवाज पाकिटांतून जातोय.

---

पाकीट_२०एमएस

हो, फायबरवरची 'लँडलाइन' म्हणजे ओएनटीतल्या एफएक्सएस (फोन लावायच्या) पोर्टवर येणारा व्हीओआयपी, म्हणजे पाकिटांतून येणारा आवाज. त्यात मोडेमला चार गोष्टी मारतात.

कोडेक. जी.७११ ए-लॉ असेल तरच आशा आहे. जी.७२९ माणसाच्या आवाजाचं प्रतिरूप पाठवतो, मोडेमचा सूर त्यात टिकत नाही.

पाकीट हरवणं. जी.७११ चं २० मिलिसेकंदांचं एक पाकीट म्हणजे १६० नमुने. एक हरवलं की यंत्र त्या जागी अंदाजाने आवाज भरतं. माणसाला कळतही नाही; व्ही.३४ ची जुळणी मात्र सुटते आणि रीट्रेन सुरू.

जिटर बफर, म्हणजे पाकिटं थोडी साठवून सलग वाजवणारा भाग. तो 'अडॅप्टिव्ह' असेल तर नेटवर्कच्या चढउताराप्रमाणे मध्येच नमुने घालतो किंवा काढतो. मोडेमच्या दृष्टीने ही फेजची उडी. 'फिक्स्ड' करता आला तर करा, १०० मिलिसेकंदांच्या आसपास. विलंब वाढेल पण तो स्थिर राहील, आणि मोडेमला स्थिर विलंब चालतो.

घड्याळ. तुमच्या ओएनटीचं आणि पलीकडच्या गेटवेचं घड्याळ तंतोतंत एक नसतं. फरक साचत जातो आणि ठरावीक काळाने एक पाकीट जास्त किंवा कमी होतं. जोडणी लागते, छान चालते आणि मग दोन-तीन मिनिटांनी तुटते, या लक्षणामागे बरेचदा हेच असतं. यावर घरच्या टोकाला उपाय नाही.

ओएनटीचं पान उघडता येत असेल तर हे बघा: सायलेन्स सप्रेशन (शांततेत पाकिटं न पाठवणं) बंद, टी.३८ (फॅक्स वेगळ्या रूपात पाठवण्याची पद्धत) बंद, २१०० हर्ट्‌झचा सूर ऐकल्यावर एको कॅन्सलर बंद होण्याची सोय चालू. टी.३८ बंद करायचं कारण असं की फॅक्सचा उत्तराचा सूरही २१०० हर्ट्‌झचाच असतो आणि व्ही.८ ची किरकिरही फॅक्सच्याच व्ही.२१ जातीची, काही गेटवे त्यावरून हा फॅक्स आहे असं समजून जोडणीच बदलून टाकतात. बऱ्याच कंपन्यांच्या ओएनटीत ग्राहकाला ही पानं दिसत नाहीत. मग सेटिंग मोडेमकडूनच करायची:

ख वर एटी+एमएस=१०,१,१२००,९६०० आणि एस१०=५०.

एस१० हा 'कॅरिअर गेल्यावर किती थांबून फोन ठेवायचा' याचा आकडा, सेकंदाच्या दहाव्या भागात. मूळ १४ म्हणजे १.४ सेकंद, ५० म्हणजे ५ सेकंद. लहान खंड पडला तर फोन तुटणार नाही, मोडेमला सावरायला वेळ मिळेल.

९६०० वरही टिकलं नाही तर सरळ २४०० वर, म्हणजे व्ही.२२बिसवर या. हळू आहे हे खरं, पण त्यात दोन दिशांना दोन वेगळे कॅरिअर असतात, १२०० आणि २४०० हर्ट्‌झ. व्ही.३२ पासून वरच्या सगळ्यांना दोन्ही दिशा एकाच पट्ट्यात ठेवून स्वतःचा एको वजा करावा लागतो, आणि विलंबाची उडी बसली की नेमका तोच हिशोब बिघडतो. व्ही.२२बिसला तो हिशोबच नाही. अक्षरांचं बीबीएस २४०० वर व्यवस्थित वाचता येतं.

कॉल वेटिंग चालू असेल तर तेही काढून टाका. त्याचा टोन वाजला की कॅरिअर तुटतो.

---

टर्मिनल_९६००

२४०० वर जोडणी टिकतेय, ९६०० वर कधी टिकते कधी नाही. आता ईपीएबीएक्स आणि ओएनटी दोन्ही बाजूला ठेवून मोडेम थेट एकमेकांना जोडून तपासायचे आहेत. नुसती फोनची वायर लावून चालेल का?

---

फेराइट_मणी

ट्रान्सफॉर्मरवाल्या काही जुन्या मोडेममध्ये नुसत्या वायरवरही चालतं. इलेक्ट्रॉनिक लाइन सर्किट असलेल्यांना मात्र लूपमधून प्रवाह लागतो, साधारण २० मिलिअँपिअर. दोन्हींना चालेल अशी मांडणी करा.

लागेल ते: २४ व्होल्ट डीसीचा, मेन्सपासून विलग असलेला अडॅप्टर, शक्यतो ट्रान्सफॉर्मरचा, कारण स्विचिंगवाल्याची शिट्टी लाइनवर ऐकू येते, ६०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर, बाजारात ५६० किंवा ६२० मिळतो, अर्धा वॉट, आणि आरजे११ च्या दोन वायर. जॅकच्या मधल्या दोनच पिन घ्यायच्या.

सगळं एका ओळीत: अडॅप्टरचा धन, रेझिस्टर, मोडेम क च्या दोन पिन, मोडेम ख च्या दोन पिन, अडॅप्टरचा ऋण. दोन्ही मोडेमनी लाइन धरल्यावर ओळीत मीटर लावून १५ ते ३० मिलिअँपिअर मिळतात का बघा. प्रत्येक मोडेम किती व्होल्ट खातो ते वेगवेगळं असतं, त्याप्रमाणे रेझिस्टर थोडा कमी-जास्त करा. हा रेझिस्टर सिग्नलही सुमारे साडेतीन डेसिबलने खाली आणतो आणि ते इथे चांगलंच आहे. अर्ध्या मीटरच्या वायरवर पूर्ण पातळीचा सिग्नल समोरच्याच्या कानात ओरडतो आणि खरखरीच्या टप्प्यावर ट्रेनिंग फसतं. तरीही फसलं तर रॉकवेलवर एस९१ वाढवा: १० म्हणजे उणे १० डीबीएम, कमाल १५. काही देशांच्या फर्मवेअरमध्ये हा आकडा बदलता येत नाही.

इथे डायल टोन नाही आणि घंटीही नाही, तेव्हा एस० निरुपयोगी आहे आणि एमगेटी तात्पुरता बंद ठेवायचा. क वर एटीएक्स३डी, नंबर न देता. लगेच, दोन-तीन सेकंदांत, ख वर एटीए. मग उलट करून बघा. दोन्ही दिशांनी ३३६०० आला तर मोडेम, केबल आणि सेटिंग निर्दोष आहेत आणि उरलेलं सगळं लाइनवर आहे. इथे मध्ये कोडेक नसल्याने ३४२९ मिळायला हवा.

ही मांडणी चालू असताना कुठलीही खरी टेलिफोन लाइन तिला जोडू नका. एक्स्चेंजकडून ४८ व्होल्ट येतात आणि घंटीच्या वेळी त्यावर ७५ व्होल्टच्या आसपास एसी.

---

टर्मिनल_९६००

रेझिस्टर ६२० चा लावला, प्रवाह १९ मिलिअँपिअर. दोन्ही दिशांनी ३३६००, एलएपीएम, व्ही.४२बिस. म्हणजे बाकी दोष ओएनटीच्या लाइनचाच. तिथे २४०० वर फाइल द्यायची तर एक्समोडेम ठेवू की झेडमोडेम? काही जुन्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये फक्त एक्समोडेम आहे.

---

पाकीट_२०एमएस

झेडमोडेम. एक्समोडेम १२८ बाइटच्या प्रत्येक ठोकळ्यानंतर पोचपावतीची वाट बघत थांबतो, त्यामुळे तुमचे १७० मिलिसेकंद दर ठोकळ्याला वाया जातात. झेडमोडेम थांबत नाही, आणि जोडणी तुटली तर अर्धवट फाइल पुढे तिथूनच चालू करतो. ज्यांच्याकडे फक्त एक्समोडेम आहे त्यांच्यासाठी १ के ठोकळ्याचा पर्याय ठेवा, ठोकळे आठपट कमी होतात. आणि बीबीएसच्या प्रोग्रॅममध्ये पोचपावतीची मुदत १० सेकंदांच्या खाली आणू नका. रीट्रेन झालं तर तेवढा वेळ सहज जातो.